मेडिकलच्या आदल्या रात्रीची गोळी

पत्र :

माझे मिस्टर 39 वर्षांचे आहेत. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत इन्स्ट्रुमेंट फिटर आहेत. सौदीतल्या रिफायनरीत दोन वर्षांच्या कराराचं काम मिळालंय. मेडिकलसाठी अहमदाबादचं सेंटर आलं. तिथे बीपी 172/104 भरलं, दहा मिनिटांनी पुन्हा 168/102. बाकी सगळं नॉर्मल आहे म्हणाले, पण रिपोर्ट अडवून ठेवलाय. चार दिवसांनी फिजिशियनचं पत्र घेऊन यायला सांगितलंय. एजंट म्हणतो, ‘पहाटे चारला बीपीच्या दोन गोळ्या घ्या, एक जिभेखाली ठेवायची देतो, आणि फॉर्मवर बीपीचं काही लिहू नका.’ तीन वर्षांपूर्वी कारखान्याच्या तपासणीत 148/94 आलं होतं, तेव्हा यांनी मनावर घेतलं नाही. कंबरदुखीची गोळी जवळजवळ रोज असते. तंबाखूचा मावा खातात. घोरतात. सासऱ्यांना 58व्या वर्षी अर्धांगाचा झटका आला होता. चार दिवसांत बीपी उतरेल का? गोळी सुरू केली तर कायमचे अनफिट ठरतील का? आणि तिथल्या उन्हात यांना झेपेल का?

– एक भगिनी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर :

ताई, नमस्कार.

ती जिभेखालची गोळी आधी एजंटला परत द्या. आजच. बाकीचं सगळं त्यानंतर.

जिभेखाली ठेवायला म्हणून जी दिली जाते ती बहुतेक वेळा निफेडिपिनची कॅप्सूल असते. एके काळी दवाखान्यांतही ती सर्रास दिली जायची. पण ती रक्तदाब इतक्या झपाट्याने पाडते, आणि किती पाडेल याचा काही भरवसा नसतो, की मेंदूला किंवा हृदयाला रक्त कमी पडून माणसाला अर्धांग झाल्याच्या, हार्ट अटॅक आल्याच्या घटना घडल्या. म्हणून डॉक्टरांनी ती पद्धत सोडून दिली. वर्षानुवर्षं चढ्या दाबावर चाललेल्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांना त्या दाबाची सवय लागलेली असते, तो एकदम ओढून खाली आणला की त्यांना सावरता येत नाही. ज्या घरात वडिलांना 58व्या वर्षी झटका येऊन गेलाय, त्या घरात हा प्रयोग नकोच.

पहाटे चारच्या दोन गोळ्यांचंही सांगतो. अशा वेळी हाती पडते ती बहुधा अ‍ॅम्लोडिपिन. पोटात गेल्यावर रक्तात तिचं प्रमाण कमाल व्हायला 6 ते 12 तास लागतात. म्हणजे सकाळी नऊला सेंटरवर पट्टा बांधतील तेव्हा ती जेमतेम कामाला लागलेली असेल, आणि तिचा खरा जोर लागेल तो दुपारी, परतीच्या गाडीत. रोज एक याप्रमाणे घेत राहिलं की 7-8 दिवसांनी रक्तातली पातळी स्थिरावते, आणि त्यानंतर कुठे आकडा खाली टिकून राहतो. टेल्मिसार्टन या बीपीच्या दुसऱ्या गोळीचा पूर्ण गुण यायला साधारण चार आठवडे जातात. दुसऱ्या कुणाची प्रोप्रॅनोलॉल वगैरे घेतली तर नाडी मंदावते आणि तपासणारा डॉक्टर ते बोटांनीच ओळखतो; शिवाय दमा असलेल्या माणसाला ती गोळी घातक ठरू शकते. लघवी होणारी गोळी घेतली तर त्याच सकाळी द्यायचा लघवीचा आणि रक्ताचा नमुना बिघडतो.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं : औषधाने चार दिवसांत बीपी भरवशाने ताब्यात येत नाही. पण त्या चार दिवसांत बरंच काही होऊ शकतं, कारण तो 172 चा आकडा पूर्णपणे खरा होता का, हेच अजून कुणी पाहिलेलं नाही.

त्या सकाळकडे जरा बारकाईने बघा. अहमदाबादला वेळेवर पोहोचायचं म्हणून पहाटेची गाडी धरली असणार. झोप अर्धवट. स्टेशनवर चहा, बहुधा दोन कप, आणि त्यावर मावा. मग सेंटरच्या रांगेत तासभर उभं राहणं, लघवीचा नमुना द्यायचा म्हणून दाबून धरलेली लघवी, हातात पासपोर्ट आणि पोटात गोळा. स्टुलावर बसवलं, पाठीला टेकू नाही, शर्टाची बाही तशीच वर सरकवली, पट्टा बांधला आणि ‘कुठून आलात? काय काम करता?’ असं विचारत मशीन चालू केलं. यातलं एकेक आकडा चढवतं. मोजताना बोलल्याने वरचा आकडा दहाच्या आसपास वर जातो. लघवी तुंबलेली असेल तर तितकाच, कधी त्याहून जास्त. हात खाली लोंबकळत असेल तर आणखी दहा. पायावर पाय टाकून बसलं तर दोन ते आठ. गोळा केलेली बाही दंडाला करकचून बसली तर आकड्याचा काहीच भरवसा नाही. दंड जाड आणि पट्टा लहान असला की दाब खोटाच जास्त दिसतो. आणि तपासणीची धास्ती म्हणून जो दाब चढतो तो वेगळाच.

याचा अर्थ यांना बीपी नाही असा मात्र लावू नका. तीन वर्षांपूर्वीचा 148/94 तुम्हीच लिहिलाय. त्या दिवशी ना गाडी होती, ना अहमदाबाद, ना सौदी. बीपी आहे असं धरूनच चाला. ते 172 आहे की 152, एवढंच शोधायचंय.

ते शोधायचं घरी. मनगटावर बांधायचं मशीन घेऊ नका, दंडावर बांधायचं घ्या. दीड-दोन हजारांत चांगलं मिळतं. घेण्याआधी शिवणकामाची टेप घेऊन खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधे दंडाचा घेर मोजा. बहुतेक मशिनींसोबत येणारा पट्टा 22 ते 32 सेंटीमीटरसाठी असतो. यांचा दंड 34 भरला तर मोठा पट्टा मागून घ्या, नाहीतर ते मशीन रोज तुम्हाला घाबरवत राहील.

मोजायची पद्धत अशी. सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन यायचं. चहा नाही, मावा नाही, नाश्ता नाही. निदान अर्धा तास आधीपासून यातलं काहीच नाही. पाठ टेकेल अशा खुर्चीवर बसायचं, दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले, हात टेबलावर तळवा वर करून, दंड छातीच्या मध्याच्या पातळीला. टेबल बुटकं असेल तर खाली उशी घ्या. दंड उघडा हवा, बाही गुंडाळून वर चढवलेली नको, हात बाहीतून काढूनच घ्या. पट्ट्याची खालची कड कोपराच्या खोलगट भागापासून दोन बोटं वर, आणि पट्टा इतका घट्ट की आत दोन बोटं सरकतील. मग पाच मिनिटं गप्प बसायचं. फोन नाही, टीव्ही नाही, आणि ताई, तुम्हीही तेवढा वेळ काही विचारू नका. मोजा, एक मिनिट थांबा, पुन्हा मोजा. दोन्ही आकडे तारीख-वेळेसह वहीत उतरवा, आवडलेला तेवढाच नव्हे. रात्री झोपण्याआधी पुन्हा तसंच. पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर घ्या आणि ज्या हातावर जास्त येईल तोच पुढे ठेवा.

खरं तर हे सात दिवस करायचं असतं : पहिला दिवस सोडून द्यायचा, उरलेल्या सहा दिवसांचे 24 आकडे उरतात, त्यांची सरासरी काढायची. तुमच्याकडे चारच दिवस आहेत. निदान तीन दिवसांचे 12 आकडे तरी घ्या. दवाखान्यातली रेघ 140/90 ची, घरी मोजलेल्याची 135/85 ची. घरची सरासरी याच्या वर गेली की बीपी आहे हे पक्कं. डॉक्टर कदाचित 24 तास दंडावर बांधून ठेवायचं मशीन लावतील, ते दर 15 ते 30 मिनिटांनी आपोआप मोजतं आणि झोपेतला दाबही पकडतं. त्यात पूर्ण दिवसाची सरासरी 130/80 च्या वर गेली तर बीपी. तो रिपोर्ट मिळाला तर सेंटरवर त्याचं वजन घरच्या वहीपेक्षा जास्त.

आणि हे लक्षात असू द्या : वरचा 180 किंवा खालचा 120 ओलांडून गेला आणि त्याबरोबर छातीत दुखणं, दम लागणं, नजर अंधूक होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात जड वाटणं यातलं काहीही झालं, तर वही बंद करून थेट एस.एस.जी.ची (बडोद्याच्या सयाजी सरकारी रुग्णालयाची) किंवा जवळच्या हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठा. त्या वेळी घरी गोळी देत बसू नका.

फिजिशियनकडे मात्र उद्याच जा, तीन दिवसांची वही पुरी व्हायची वाट बघू नका. दोनदा मोजूनही 160/100 च्या वर आलंय, वडिलांचा इतिहास आहे, वय 39 आहे. डॉक्टर कदाचित पहिल्याच दिवशी औषध सुरू करतील आणि ते योग्यच ठरेल. मशीन सोबत न्या, त्यांच्या मशीनशी ताडून बघा. पाचच्या आत फरक असेल तर तुमचं मशीन ठीक. तपासण्या या सांगतील : लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी. चाळिशीच्या आत बीपी निघालं की मूत्रपिंडाची सोनोग्राफी, थायरॉइड आणि पोटॅशियम यांकडे नीट बघायचं असतं, कारण या वयात बीपीच्या मुळाशी दुसरा आजार सापडण्याची शक्यता जास्त असते. घोरण्याचं आवर्जून सांगा, आणि झोपेत श्वास मधेच थांबल्यासारखा होऊन मग दचकून सुरू होतो का, हे तुम्ही स्वतः सांगा. ते यांना कळणार नाही, तुम्हालाच ठाऊक असणार. तो झोपेचा आजार असेल तर तो न सोडवता नुसत्या गोळ्यांनी बीपी दाद देत नाही. पैशांची ओढाताण असेल तर एस.एस.जी.त किंवा जवळच्या सरकारी शहरी आरोग्य केंद्रात दाखवा, बीपीच्या नेहमीच्या गोळ्या तिथे मिळतात, आणि जनऔषधी केंद्रात त्याच गोळ्या बाजाराच्या मानाने फारच स्वस्त पडतात.

ती कंबरेची गोळी. माझ्या मते या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे आणि तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक यातली कुठलीही रोज पोटात गेली की शरीरात मीठ आणि पाणी साठतं, दाब चढतो, आणि वर बीपीच्या गोळ्यांचा गुणही कमी होतो. स्ट्रिप डॉक्टरांना दाखवा आणि बंद करायचं विचारा. तोवर दुखलंच तर साधी पॅरासिटामॉल, तीही मोजकी. कंबरेसाठी फिजिओथेरपिस्ट गाठा. सर्दीची नाक मोकळं करणारी गोळीही अशीच, तिच्यातलं फिनाइलएफ्रिन दाब वाढवतं. खोकल्यासाठी जेष्ठमध चघळायची सवय घरात असेल तर तीही थांबवा. रोज चघळलेल्या जेष्ठमधाने पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. हे साधं वाटतं म्हणून कुणी डॉक्टरांना सांगतच नाही.

मावा सोडायलाच हवा. तंबाखू तोंडात आहे तोवर आणि नंतरही बराच वेळ नाडी आणि दाब दोन्ही वर असतात. दिवसाला आठ-दहा मावे खाणारा माणूस जवळजवळ अख्खा दिवस चढ्या दाबावर असतो.

मिठाचं तुमच्या हातात आहे, म्हणून ते सविस्तर सांगतो. एका माणसाला दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा मीठ पुरे. स्वयंपाक करताना चमचे मोजत बसणं कुणालाच जमत नाही. त्यापेक्षा मिठाची एक किलोची नवी पिशवी फोडाल तेव्हा तिच्यावर पेनने तारीख लिहा. घरात चार माणसं असतील तर ती निदान 50 दिवस पुरायला हवी. महिन्यात संपली तर माणशी आठ ग्रॅमच्या वर जातंय, आणि त्यात बाहेरचं अजून धरलेलंच नाही. आपल्या बडोद्यात ते बाहेरचंच भारी पडतं : सकाळी फाफडा, कधी सेव उसळ आणि वरून आणखी मूठभर सेव, दुपारी चहाबरोबर लीलो चिवडो. फाफड्यात मीठ तर असतंच, वर पापडखारही असतो, आणि पापडखार किंवा खाण्याचा सोडा म्हणजे सोडियमच. अ‍ॅसिडिटी झाली म्हणून फळमिठाची पुडी घेतली तर तोच सोडा पुन्हा. घरात पापड, लोणचं, सांडगी मिरची, खारवलेलं ताक. सगळं एकदम बंद करू नका, नाहीतर ते आठ दिवसांत बाहेर जाऊन खातील. ताटात मीठ वाढायचं बंद, ताकात मिठाऐवजी जिरेपूड, पापड-लोणच्यातलं एकच, फरसाण आठवड्यातून एकदा. आमटी, उसळ, पालेभाजी, फळं नेहमीसारखी. बाजारात ‘लो सोडियम’ म्हणून मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. टेल्मिसार्टन सुरू झाली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका, रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या वर जाऊ शकतं.

आता फिट-अनफिटचं. आखाती देशांची ही तपासणी, पूर्वी जिला सगळे गामका म्हणत आणि आता जी वाफिद म्हणून ऑनलाइन चालते, तिच्या अपात्रतेच्या यादीत एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, टीबी हे जसे आहेत तशीच बीपी आणि साखरही आहे. पण बीपीच्या पुढे तिथे शब्द आहे ‘अनियंत्रित’. बीपी असणं किंवा गोळी चालू असणं हे त्या यादीत अपात्रतेचं कारण नाही. गोळीवर 130/82 असलेला माणूस बसतो, गोळीशिवाय 170/102 असलेला अडतो. तेव्हा गोळी सुरू केली की कायमचे अनफिट, हे तुमच्या मनातलं काढून टाका. उलट गोळीच यांना पात्र करणार आहे. (जहाजावर जाणाऱ्यांसाठीही जागतिक नियम याच धर्तीवर आहे : 160/100 च्या वर असेल तर उपचार होईपर्यंत तात्पुरतं थांबवतात, ताब्यात आलं की जाऊ देतात.)

लपवण्याचा तोटा मात्र मोठा आहे. फॉर्मवर आजारांची विचारणा असते आणि खाली सही यांची असते, एजंटची नाही. निकाल पासपोर्ट नंबरवर ऑनलाइन चढतो, त्यामुळे एका सेंटरवर अडलं म्हणून दुसऱ्या शहरात नवीन सुरुवात करता येईल असं समजू नका. आणि समजा, त्या सकाळी कसाबसा आकडा उतरला, व्हिसा लागला, विमान सुटलं. सौदीत उतरल्यावर इकाम्यासाठी, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यासाठी, पुन्हा मेडिकल होतं. तिथे जिभेखालची गोळी द्यायला कुणी नाही. तिथे अडलं तर परतीचं तिकीट, बुडालेला पगार आणि इथे सोडलेली नोकरी.

म्हणून सेंटरकडून आणि कंपनीकडून वेळ मागा. चौथ्या दिवशी रिकाम्या हाताने किंवा गोळ्या खाऊन जाण्यापेक्षा फिजिशियनचं पत्र घेऊन जा आणि फेरतपासणीसाठी तीन आठवडे द्या असं लेखी मागा. एजंटलाही हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनच पाठवा, म्हणजे पुढे ‘मला सांगितलंच नाही’ असं व्हायला नको. सेंटरने आणखी काही दिवस थांबायचं की निकाल चढवायचा हा निर्णय त्यांचा; त्यावर तुमचा ताबा नाही. पण चालू उपचार, वही आणि स्वच्छ रिपोर्ट समोर असतील तर थांबायला त्यांच्याकडे कारण असतं. एजंट घाई करतच राहिला तर भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी आहे का तेही बघून घ्या.

पत्र कसं हवं हे डॉक्टरांना सांगा, कारण ‘बीपी आहे, औषध चालू’ अशा दोन ओळींच्या चिठ्ठीचा उपयोग नाही. लेटरहेडवर, इंग्रजीत, नाव पासपोर्टवर आहे तसंच अक्षर न अक्षर, पासपोर्ट नंबर, निदान, औषधाचं मूळ नाव आणि डोस (ब्रँडचं नव्हे), कधीपासून चालू, शेवटच्या तीन-चार तारखांचे आकडे, ईसीजी आणि क्रिएटिनिनचा निकाल, हृदय-मूत्रपिंडावर परिणाम झालेला नाही असं असेल तर तसं वाक्य, आणि उष्ण हवेत व उंचीवर काम करायला हरकत नसल्याचं मत. खाली सही, शिक्का, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. सोबत वहीच्या पानांची झेरॉक्स.

फेरतपासणीच्या वेळी आदल्या संध्याकाळीच अहमदाबादला मुक्काम करा. नातेवाइकांकडे सोय असेल तर उत्तम. रोजची गोळी रोजच्या वेळी घ्यायची, ‘आज तपासणी आहे’ म्हणून चुकवायची नाही आणि जास्तीचीही घ्यायची नाही. सेंटरवर गेल्यावर लघवीचा नमुना आधी देऊन घ्या. सैल अर्ध्या बाहीचा शर्ट घाला. पट्टा बांधताना नम्रपणे म्हणायचं, ‘मॅडम, पाच मिनिटं बसू द्याल का?’ बहुतेक ठिकाणी बसू देतात.

उन्हाचं तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण फिट झाल्यावर हे कुणी बघत नाही. सौदीत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12 ते 3 उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे, पण सकाळी दहालाही रिफायनरीतल्या पाइपांच्या गर्दीत अंग भाजून निघतं. अशा ठिकाणी डॉक्टरांनी कुठली गोळी निवडली याला महत्त्व येतं. लघवी वाढवणारी गोळी, म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन, घामाबरोबर मीठ-पाणी आणखी घालवते. पायात वांब येतात, चक्कर येते, सोडियम उतरतं. ती नाकारायला मी सांगत नाही, काही माणसांना तिच्याशिवाय चालत नाही. पण ‘हे आखातात उघड्यावर, शिडीवर काम करणार आहेत’ हे वाक्य डॉक्टरांच्या कानावर घातलंच पाहिजे. अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांना सूज येते, सेफ्टी बूट संध्याकाळी घट्ट व्हायला लागतात. घाबरायचं कारण नाही, पण सांगायचं, डोस किंवा गोळी बदलता येते. टेल्मिसार्टन चालू असताना जुलाब-उलट्या झाल्या, अंगातलं पाणी गेलं, तर ती गोळी चालू ठेवायची की दोन दिवस थांबवायची हे कसं ठरवायचं, ते जाण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि कंबरदुखीची गोळी ही तिन्ही एकाच वेळी, त्यात अंगात पाणी कमी, असं झालं तर चांगली मूत्रपिंडंही काही दिवसांत बंद पडू शकतात. तिथे कॅम्पमध्ये दुखण्याची गोळी शेजाऱ्याच्या खिशातूनच मिळते, म्हणून हे यांना दोनदा सांगा.

औषधं न्यायची ती हँडबॅगेत, मूळ स्ट्रिपमध्ये, चिठ्ठी आणि बिलासकट. डबीत सुट्या गोळ्या भरून देऊ नका. चिठ्ठीत अल्प्राझोलम किंवा क्लोनाझेपाम आहे का ते नीट वाचा. आपल्याकडे बीपीबरोबर ‘शांत झोप लागेल’ म्हणून ती लिहून देण्याची सवय आहे, आणि आखातात ती नियंत्रित औषधं आहेत. ट्रॅमाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध, प्रेगाबालिन हेही तसंच. विमानतळावर या गोळ्या सापडल्या तर प्रकरण पोलिसांत जातं. डॉक्टरांना सांगून आधीच काढून टाका. सामान भरता भरता हेही सांगून ठेवतो : खसखस तिथे अमली पदार्थात धरतात. अनारशांवरची, लाडवातली, घरच्या गोड्या मसाल्यातली, कुठलीच जायला नको.

तिथे पोहोचल्यावर पहिले दोन आठवडे रोज आणि पुढे आठवड्यातून दोन दिवस मोजायचं. मशीन बॅगेत द्या, सेल वेगळे काढून द्या. रविवारी वहीच्या पानाचा फोटो तुमच्या फोनवर यायला हवा. तिथे शुक्रवारी-शनिवारी सुट्टी असते, त्यामुळे पंधरा गोळ्या उरल्या की त्याच आठवड्यात कंपनीच्या क्लिनिकमधून पुढच्या घ्यायच्या. ब्रँड तिथे वेगळा मिळेल. चिठ्ठीवर मूळ नाव आणि मिलिग्रॅम असले की फार्मसीवाला बरोबर तीच गोळी काढून देतो.